फटीतला घास

ही गोष्ट खरी आहे.

आता असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. भुताच्या पेजवर येणारा प्रत्येक जण आधी आईची शपथ घेतो आणि मग पिंपळावरच्या बाईचं सांगत सुटतो. माझ्या गोष्टीत पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, अमावस्येची रात्रही नाही. जे झालं ते टळटळीत दुपारी झालं. २०११ चा उन्हाळा, पनवेलजवळचं कोन गाव. जिच्या घरी झालं ती माझी सख्खी आत्या, सत्यवती. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलंय, थोडं मी स्वतः पाहिलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझं काही अडत नाही.

तर आत्या.

भाविका, म्हणजे तिची एकुलती एक लेक, चालायलाही लागली नव्हती तेव्हा आत्याचे यजमान गेले. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा एक प्राणी संवर्धन केंद्र होतं. नाव सांगत नाही, आता ते बंदही झालंय. तिथे आत्या पिंजरे झाडायला म्हणून लागली आणि हळूहळू पक्ष्यांची होऊन गेली. घार असो, घुबड असो, पंख मोडून आलेला बगळा असो, आत्याच्या हातचं खायचा. स्वभावाने एक नंबरची फटकळ. साहेबालाही सोडायची नाही. पण पाखरांशी बोलताना आवाज असा काही मऊ व्हायचा की भाविका लहानपणी रुसून बसायची. "माज्याशी नाय कधी अशी बोलत," म्हणायची.

त्या पाखरांमध्ये एक जोडी होती धनेशाची.

धनेश पाहिलाय का कधी? काळा-पांढरा, घारीपेक्षा मोठा, पिवळी वाकडी चोच आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंगाड. उडताना पंखांचा असा मोठा आवाज होतो की खाली उभा असलेला माणूस दचकून वर बघतो. या पाखराची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. माती, शीट, फळांचा चोथा, मिळेल ते. सुकलं की सिमेंटसारखं घट्ट. उरते फक्त एक उभी फट, चोच जाईल एवढी. आत बसल्यावर तिची उडायची पिसंसुद्धा गळून जातात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती तिथून हलत नाही. नर बाहेरून एकेक फळ आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. दिवसभर. रोज.

तो येतो म्हणून ती जगते.

केंद्रात या जोडीसाठी एक पोकळ ओंडका उभा करून ठेवला होता, मागच्या बाजूच्या जुन्या पिंजऱ्यात. आदल्या वर्षी मादी आत गेली, अर्धीमुर्धी लिंपाई केली, आणि काय मनात आलं कोण जाणे, आठवडाभरात सगळं फोडून बाहेर आली. आत्या तेव्हा खूप हसली होती. "नवऱ्याशी भांडण झालं बाईचं," म्हणाली होती.

हे तिने लक्षात ठेवलं. ठेवलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मार्चमध्ये केंद्रात नुसती गडबड. दाराशी एक फळा होता, त्यावर कमळाकर साहेब रोज सकाळी स्वतः खडूने बातम्या लिहायचे. हे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, पनवेल शहरातले, सज्जन माणूस. 'चितळाला पाडस झाले.' 'अजगराचा पिंजरा दुरुस्तीसाठी बंद आहे.' 'कासवांची पिल्ले उद्यापासून पाहता येतील.' शाळेची पोरं ते मोठ्याने वाचत आत शिरायची. त्या वर्षीची सगळ्यात मोठी बातमी म्हणजे रस्त्याच्या बाजूला उंच जाळीचा नवा पक्षीमहाल तयार झाला होता, माणसांना आत चालत जाता येईल असा. मागचे जुने पिंजरे पाडायचे होते. उद्घाटनाला कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि मधोमध झाडावर धनेश पाहिजे होता. कार्डावर फोटोच त्याचा छापलेला.

साहेबांनी आत्याला ऑफिसात बोलावलं.

"सत्यवतीताई, एक स्पष्ट सांगा. मादी आत बसली आहे का? सील झालंय का? तसं असेल तर मी नर हलवणार नाही. प्रोग्रॅम पुढे ढकलू, पावसानंतर करू. नो प्रॉब्लेम."

आत्याला माहीत होतं. मादी बसली होती. लिंपाई पूर्ण झाली होती. ओंडक्याला कान लावला की आत हळूच खसखस ऐकू यायची.

पण भाविकाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, घरात दुसरं माणूस नाही. धनेश मागच्या पिंजऱ्यातच राहिला असता तर त्याला पहाटेपासून उंबर, पपई घालायला आत्याच लागली असती, कारण तो दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. नव्या महालात खाणं लांबूनच ठेवायची सोय होती. मग कसली रजा नि कसलं काय.

"नाय साहेब," आत्या म्हणाली. "अर्धंच लिंपलंय. गेल्या साली केलं तसंच करतेय ती. तुमी नराला न्या खुशाल. उपास पडला का आपोआप बाहेर येईल."

साहेबांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

झालं. एवढंच. एक शब्द. तो शब्द बोलताना आपल्याला काहीच वाटलं नाही, हे आत्या अजून सांगते. उलट बाहेर पडताना हायसं वाटलं. दोन दिवसांनी कुणाला तरी फोन करून बघायला सांगू, नाय आली बाहेर तर आपणच जाऊन फोडू, असं तिने ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं.

नर नव्या पक्षीमहालात गेला. मागच्या पिंजऱ्यांच्या वाटेवर पत्रे ठोकले गेले. फळ्यावर बातमी आली, 'धनेश नव्या घरात!' मादीचा फळ्यावर उल्लेख नव्हता. आत्याची रजा सुरू झाली, आणि त्याच संध्याकाळी भाविकाला कळा लागल्या.

मग कसला फोन. रिक्षा, पनवेलचं हॉस्पिटल, रात्रभर बाकावर बसणं, पहाटे मुलगी. भाविकाला रक्त खूप गेलं होतं. तिचा नवरा प्रितेश उरणहून बंदरावरची पाळी सोडून धावत आला. डॉक्टर म्हणाले बाळंतिणीला जपा. आत्याने तिला घरी आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. ती आपली जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेल. वारा लागू नये म्हणून दार बंद, खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी. पाचवी झाली, बायका जागल्या, गाणी झाली. सगळं यथासांग.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी आत्या खिडकीच्या फटींमध्ये चिंध्या कोंबत होती. सगळ्या फटी बुजवल्या. थोडी हवा पाहिजे म्हणून मधली एक उभी फट तेवढी ठेवली.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

आत अंथरुणावर लेक. बाहेर ऊन. मध्ये ती फट.

"आई, काय झालं?" भाविका म्हणाली.

शेजारच्या हौसाकाकूला, जी बाळ-बाळंतिणीला तेल लावायला यायची, तिला बसवून आत्या तशीच निघाली. पळस्प्यापर्यंत रिक्षा मिळाली, पुढे मिळेना, तर चालत गेली.

पत्र्याच्या मागे जुना पिंजरा शांत होता. ओंडक्याच्या तोंडावरची लिंपाई शाबूत होती. फटीपाशी मात्र आतून खरवडल्याच्या खुणा होत्या. खूप. आत्याने कोयत्याच्या टोकाने ते फोडलं आणि हात आत घातला.

मी त्यात काय होतं ते फार लिहीत नाही. मादी होती. हातात घेतली तर सुपाएवढीही वजनाला नव्हती. खाली तिच्याच गळलेल्या पिसांचं अंथरूण, त्यात दोन अंडी. मेली तरी ती अंड्यांवरच होती, पण तोंड मात्र फटीला लावलेलं होतं.

आत्याने तिला कुंपणाजवळ पुरलं. एकटीने. आणि साहेबांना जाऊन सांगितलं की मादी आधीपासूनच आजारी असावी, बाहेर आली नाही, आत्ता बघितली तर गेलेली. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात."

तो शब्द आत्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. पण ती तशीच उठून बाहेर पडली.

निघताना नव्या पक्षीमहालाशी गर्दी दिसली. पोरं टाळ्या वाजवत होती. नर धनेश जाळीला चिकटून बसला होता, जुन्या पिंजऱ्याकडे तोंड करून. चोचीच्या टोकात एक उंबर धरलेलं. गिळत नव्हता, टाकतही नव्हता. तिथला माणूस म्हणाला, "आला तेव्हापासून असाच बसतो. काय खात पण नाय." त्याने आत्याला पाहिलं. म्हणजे धनेशाने. मान तिरकी करून, एका डोळ्याने, बराच वेळ.

थोड्याच दिवसांत तोही गेला. केंद्रातून फोन आला तेव्हा आत्या शेगडीत निखारे घालत होती. निखारा बोटावर पडला तरी तिला कळलं नाही.

आणि त्याच दुपारी...

कोनमध्ये राहणाऱ्याला विचारा, एक्स्प्रेस वेची घरघर दिवसरात्र चालू असते. तिथल्यांना ती ऐकूच येत नाही, इतकी सवयीची. त्या दुपारी आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती आणि एकदम...

ती घरघर थांबली.

कावळे गप्प. शेजारची टीव्हीवरची मालिका गप्प. आणि त्या शांततेत डोक्यावरून काहीतरी गेलं.

सूऽऽप... सूऽऽप... सूऽऽप...

कुणीतरी भलंमोठं सूप पाखडत छपरावरून चालल्यासारखं. आत्या उठून अंगणात आली. आभाळ स्वच्छ होतं. साधी चिमणी नव्हती.

मग घराच्या मागच्या अंगाने आवाज आला.

टक... टक...

आणि घरघर पुन्हा सुरू झाली. कावळे ओरडायला लागले. आत्या मागे धावली. खिडकीखाली कोणी नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर, त्या ठेवलेल्या फटीच्या बरोबर समोर, एक पिकलं उंबर होतं.

आत्याने ते उचलून लांब फेकून दिलं. पोरांचा खेळ असेल. वटवाघळाने टाकलं असेल. चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं होतं, आणि तिने तेच स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा.

तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी कट्ट्यावर उंबर नव्हतं. आत्याला बरं वाटलं. ताट घेऊन ती आत गेली. भाकरी, लसणीची चटणी, सुकटीचं कालवण, बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम केलेलं. भाविका भिंतीला टेकून बसली होती. पोर मांडीवर.

"नको आई. पोट भरलंय."

"सकालपासून काय खाल्लंस? पोट कशानं भरलं?"

भाविका हसली. तिच्या ओठाच्या कडेला बारीक बारीक बिया चिकटल्या होत्या.

त्या दिवसापासून तिने घरचं अन्न सोडलं. डिंकाचे लाडू तसेच, खीर तशीच. हौसाकाकूने एकदा आत्याला बाजूला घेतलं.

"सत्यवती, तुजी पोर दिवसा झोपते का गं? मी तेल लावते तवा सगलं अंग थंडगार लागतं. आन केस बघितलेस? उशीवर बघ जरा."

आत्याने उशीकडे पाहिलं. शेजारी केसांचा ढीग. भाविकाचे लांबसडक केस, मूठमूठ गळलेले, आणि तिने ते नीट गोल रचून ठेवले होते. त्या गोलात पोरीला झोपवलं होतं.

पनवेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, म्हणाले बाळंतपणानंतर केस जातात, काळजीचं कारण नाही. प्रितेश रविवारी आला, तासभर बसला, त्याला काहीच ऐकू आलं नाही. म्हणाला, "आई, तुमीच जास्त घाबरताव."

भगत आणू का, असं हौसाकाकूने विचारलं. आत्या नको म्हणाली. भगत आला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कुणाचं काय वाईट केलंत. आणि त्याचं उत्तर आत्याकडे होतं. लेकीचा जीव चाललाय हे दिसत असूनही तिला ते उत्तर तोंडाबाहेर काढवेना, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला सांगताना इथे ती थांबली होती आणि पदराने तोंड झाकून रडली होती.

मे महिन्यातली ती दुपार. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. आत्या पाणी घेऊन मागच्या खोलीशी गेली आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

"भाविका, कडी काढ."

तिने पुन्हा ढकललं.

आत्याला आठवलं, त्या दाराला आतून कडीच नव्हती. बाळंतिणीने कोंडून घेऊ नये म्हणून तिनेच ती काढून ठेवली होती. तिने दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. चौकटीच्या फटीतून ओलसर काहीतरी बाहेर आलं होतं. माती. आतून लिंपलेली.

पोरीचा आवाज नव्हता. रडण्याचा नाही, कसलाच नाही.

आत्या खांद्याने दारावर आदळली. दोनदा, चारदा. दार दगडासारखं. मग ती घराला वळसा घालून मागे धावली. खिडकीही आतून लिंपून झाली होती. उरली होती फक्त ती एक उभी फट. आत काळोख. आत्याने फटीला तोंड लावलं.

"भाविका... बाय माजी... बाहेर ये गं."

आतून खसखस झाली.

मग भाविकाचा आवाज आला. अगदी शांत, आपल्या रोजच्या बोलण्यातला.

"तूच बोललीस ना आई? उपास पडला का आपोआप बाहेर येईल."

हे वाक्य त्या ऑफिसच्या चार भिंतींबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

आणि तेव्हाच... एक्स्प्रेस वे थांबला.

सूऽऽप... सूऽऽप...

आवाज छपरावरून खाली आला. आत्याच्या पाठीमागे काहीतरी टेकलं. जवळ. इतकं जवळ की मानेवरचे केस वाऱ्याने उडाले आणि पिकल्या उंबरांचा वास आला. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून, कानाजवळून काहीतरी पुढे सरकलं, फटीच्या दिशेने. डोळ्याच्या कोपऱ्यात फक्त पिवळं दिसलं.

आत्याने फटीवर दोन्ही हात ठेवले. झाकली ती फट.

"ही ती नाय रे," ती म्हणाली. "ही माजी लेक हाय. तुजी ती गेली. ती नाय गेली, मी मारली तिला. मना ठाव होतं ती बसलीय आत. मी खोटं बोलली. माज्या पोरीसाठी तुजी बायको मारली, पोरं मारली. मना काय करायचं ते कर. हिला सोड."

पाठीमागे काहीच हललं नाही. हातांवर मात्र कसलातरी हलका स्पर्श झाला.

टक...

बोटांवर. न दुखवता. दार वाजवावं तसं. पुन्हा एकदा, टक. जणू हात बाजूला काढ म्हणत होता.

आत्याने कुंपणाजवळची पहार उचलली आणि खिडकी फोडली. रडत, ओरडत, नखांनी, पहारेने, मिळेल तसं. माती खाली पडत गेली. शेजारपाजारचे धावत आले तेव्हा ती गजांना लोंबकळत होती. तिघा पुरुषांनी मिळून दार तोडलं. भाविका आत भिंतीशी बसली होती, डोळे उघडे, अंगावर हाडं तेवढी. पोर तिच्या छातीशी, जिवंत. उन्हात आणल्यावर दोघी एकदमच रडायला लागल्या.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. भाविकाला त्या दिवसांतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माती कुठून आणली, विचारलं तर तिलाच धक्का बसला. डॉक्टर म्हणाले बाळंतपणानंतर काही बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो, औषधांनी बरं वाटेल. असेलही. मी डॉक्टर नाही.

बरी झाल्यावर प्रितेश मायलेकींना उरणला घेऊन गेला. आत्याने कोनच्या घरी येऊन मागची खोली धुतली, खिडकी सताड उघडी ठेवली. दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं आणि नोकरी सोडली. साहेब मान खाली घालून बसले. संपलं, असं तिला वाटलं.

मग उरणहून भाविकाचा फोन आला.

"आई, इथं दुपारच्याला कायतरी वाजतं गं भिंतीवर. प्रितेश बोलतो पाल असंल."

आत्याने फोन ठेवला. मागच्या खोलीत गेली. दार लावलं, खिडकी लावली, चिंध्या कोंबल्या, मधली फट मोकळी ठेवली आणि फटीसमोर बसून राहिली. दुपार उतरायच्या आत घरघर थांबली.

सूऽऽप...

टक... टक...

फटीतून एक उंबर आत आलं. आत्याने ते घेतलं आणि खाल्लं.

त्यानंतर उरणला कधीही काही वाजलं नाही. भाविकाची मुलगी आता शाळेत जाते, चुणचुणीत आहे. आणि दर वर्षी फाल्गुन सरला की आत्या दुपारी त्या खोलीत जाऊन बसते, ती पाऊस पडेपर्यंत. एका वर्षी कुणाच्या तरी हळदीला गेली आणि दुपार चुकली, तर त्याच दिवशी उरणच्या भिंतीवर टकटक झाली. तेव्हापासून तिने लग्नं-बारशी सोडली. लोक म्हणतात म्हातारी विक्षिप्त झाली.

मी हे सगळं ऐकून होतो, मानत नव्हतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये पाहुणा म्हणून गेलो होतो. जेवण झालं. आत्या म्हणाली, "तू बस, मी येते," आणि मागे गेली. मी मोबाइल बघत ओसरीवर बसलो होतो.

घरघर थांबली.

मी शपथेवर सांगतो, थांबली. माझ्या हातातल्या मोबाइलवर गाणं चालू होतं, तेही ऐकू येईना. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल. मी अंगणात गेलो नाही. तेवढी माझी छाती नाही.

संध्याकाळी आत्या बाहेर आली तेव्हा पदर डोक्यावरून सरकला. डोक्यावर केस नव्हते. एकही नाही. तिने पदर सावरला आणि चहा टाकला, माझ्यापुरताच.

"तू नाय घेणार?"

"या दिवसांत मना घरचं चालत नाय रे."

मी विचारलं, "आत्या, त्याला सांगितलंस ना एकदा, की ती गेली. मग कशाला येतो?"

"मानसाची भाषा त्याला कशी कलंल?" ती म्हणाली. "त्याला येवढंच कलतं का आत कोनतरी हाय आन भुकेली हाय."

"आणि यायचा बंद झाला तर? सुटशील ना तू?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मान तिरकी करून, एका डोळ्याने. मला वाटलं होतं ती हो म्हणेल. पण तिचा चेहरा एकदम पडला, लहान पोरीसारखा, आणि ती खरंच घाबरून म्हणाली,

"असं नको बोलू रे. मग मना खायला कोन घालील?"

मी चहा तसाच ठेवून निघालो. त्यानंतर उन्हाळ्यात मी कोनला गेलेलो नाही. फोन करतो, पण दुपारी कधीच नाही.